चार बोटं विणून बघायचं राहिलं

आमच्याकडे सोलापुरात नळाला पाणी यायचं चार-पाच दिवसांतून एकदा, आणि तेही बऱ्याचदा पहाटे तीनच्या सुमाराला. २०२०च्या एप्रिलमध्ये या वेळेचा मला पहिल्यांदाच उपयोग झाला. आई आणि मी हंडे, बादल्या, पिंप, हाताला लागेल ते भरून घ्यायचो. मोटर चालू असेपर्यंत मी ओल्या हातानंच मोबाइलचा हॉटस्पॉट लावून लॅपटॉप उघडायचे. काळ्या पडद्यावर एक कमांड मारली, की पुण्यातल्या एका संस्थेच्या सुपरकॉम्प्युटरवर माझी कामं कुठवर आलीत ते दिसायचं. कामाच्या नावापुढं ‘पीडी’ असेल तर पेंडिंग, ‘आर’ असेल तर रनिंग. पहाटे तीनला रांग हलते असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. तसं काही नसतं. पण पाणी आणि नंबर एकाच वेळी आल्याचं एकदा-दोनदा घडलं आणि माझी श्रद्धा बसली.

“आला का नंबर?” आई विचारायची. रेशनच्या रांगेबद्दल विचारावं तसं.

मी तेव्हा पुण्यात संगणकीय रसायनशास्त्रात पीएच.डी. करत होते, तिसरं वर्ष. जनता कर्फ्यूच्या दोन दिवस आधी हुतात्मा एक्स्प्रेसनं घरी आले, आठवड्याचे कपडे घेऊन. त्याच कपड्यांवर आठ महिने काढले. अण्णांचे, म्हणजे वडिलांचे, आठ माग आहेत, टॉवेल आणि चादरी. घराला लागूनच शेड. आमच्या सगळ्या बोळात हेच. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात माग थांबले आणि खटखट बंद झाली. तिच्याशिवाय आमचं घर कसं असतं हे मला ठाऊकच नव्हतं. पहिल्या रात्री कुणालाच झोप लागली नाही. मागांची देखभाल करणारे जॉबर दादा रोज सकाळी उगाच येऊन मागांवरची धूळ झटकून जायचे.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात माझ्या पीएच.डी.च्या मार्गदर्शक मॅडमचा फोन आला. त्यांनी आधी एक शोधनिबंध पाठवला होता. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेत ‘समिट’ नावाचा महासंगणक होता. तो त्या वेळी जगात पहिल्या क्रमांकावर होता. तिथल्या दोघांनी फेब्रुवारीतच त्यावर आठ हजार रेणू तपासून विषाणूच्या काट्याला, म्हणजे स्पाइक प्रथिनाला, चिकटू शकतील असे ७७ बाजूला काढले होते. मार्चमध्ये तिकडं सरकार, विद्यापीठं आणि कंपन्यांनी मिळून आपापले महासंगणक करोनाच्या संशोधनासाठी एकत्र खुले केले. मॅडम म्हणाल्या, आपल्याकडेही कोविडच्या कामाला वेगळी रांग देतायत, अर्ज करूया, करशील का? मी ‘हो’ म्हणून मोकळी झाले. घरात बसून बातम्या बघण्यापेक्षा काहीही बरं होतं, हे त्यातलं खरं कारण.

एरवी महासंगणकावर वेळ मागायचा म्हणजे दहा-बारा पानांचा प्रस्ताव, परीक्षक, शंका, उत्तरं आणि तीन-चार महिने. या वेळी दीड पान मागितलं होतं: काय करणार, का करणार, किती वेळ लागेल, निकाल कुणाला देणार. बुधवारी रात्री अर्ज गेला, शनिवारी दुपारी मंजुरी आली. चार लाख कोअर-तास. एका प्रोसेसर-गाभ्यानं एक तास काम केलं की एक कोअर-तास. एकेका नोडमध्ये, म्हणजे एकेका सुट्या संगणकात, असे ४८ गाभे, आणि असे कितीतरी नोड एकमेकांना वेगवान तारांनी जोडलेले. अण्णांना हे समजावताना मी प्रोसेसरपासून सुरुवात केली. त्यांनी मला मध्येच थांबवलं.

“म्हणजे जॉबवर्कच की. सूत तुझं, माग त्यांचे, आणि मजुरीचे तास ठरलेले.”

मी दोन वर्षं पुण्यात ज्युनिअर मुलांना हे शिकवत होते. इतकं नेमकं मला कधी सांगता आलं नव्हतं.

आता सूत काय होतं ते सांगते. करोना विषाणूचा जनुकीय आराखडा जानेवारी २०२०मध्येच जगापुढं आला होता, सुमारे तीस हजार अक्षरांचा. विषाणू पेशीत शिरला की स्वतःची प्रथिनं एका लांबलचक साखळीत बनवून घेतो, आणि मग ती साखळी ठरलेल्या जागी कापावी लागते. हे कापायचं काम करते विषाणूची स्वतःची कात्री, मुख्य प्रोटिएज. ती साखळीला अकरा ठिकाणी कापते. कात्रीच्या पात्यांत काहीतरी अडकवलं की विषाणूची पुढची पिढी अडली. शांघायच्या शास्त्रज्ञांनी या कात्रीची त्रिमितीय रचना काढून ५ फेब्रुवारीला सगळ्यांसाठी खुली केली. ‘सिक्स एल यू सेव्हन’ हा तिचा फाइल क्रमांक. त्या वर्षी आमच्या क्षेत्रातल्या निम्म्या लोकांना हा क्रमांक स्वतःच्या मोबाइल नंबरासारखा पाठ होता.

आमची कल्पना साधी होती. नवं औषध बनवायला वर्षं जातात. पण दुसऱ्या कुठल्या आजारावर आधीच मंजूर झालेलं एखादं औषध या कात्रीत बसत असेल तर? अशी सुमारे दोन हजार औषधं घेतली. पहिली पायरी डॉकिंगची. म्हणजे रेणू कात्रीच्या खाचेत वेगवेगळ्या कोनांतून बसवून बघायचा आणि किती घट्ट बसतो त्याचा अंदाजे आकडा काढायचा. दोन हजार औषधांचं हे काम माझ्या लॅपटॉपवर पाच दिवसांत झालं असतं. तिथं एका रात्रीत झालं. लोकांपुढं “सुपरकॉम्प्युटरवर दोन हजार औषधं तपासली” असं म्हटलं की भारी वाटतं, म्हणून हे आवर्जून सांगते. एवढ्याला तो लागत नाही.

ती रात्रही धड गेली नाही. महासंगणकात आपण शिरतो तो दरवाजा वेगळा आणि काम करायचे नोड वेगळे. दरवाजाचा संगणक सगळ्यांचा असतो. तिथं फाइली ठेवायच्या, रांगेत कामाची चिठ्ठी टाकायची आणि बाजूला व्हायचं. मी घाईत चिठ्ठी न टाकता काम थेट दरवाजातच सुरू केलं. वीस मिनिटांत यंत्रणा बघणाऱ्या इंजिनिअरचा मेल आला, अतिशय सभ्य भाषेत: आपलं काम आम्ही थांबवलं आहे, आपल्यामुळे इतर एकसष्ट जणांना आत येता येत नाहीये. मंगल कार्यालयाच्या दारातच पंगत मांडावी तसं झालं होतं ते. मी लगेच माफीचा मेल टाकला. त्यांचं उत्तर आलं, “या आठवड्यातल्या तुम्ही चौथ्या.”

सकाळी यादी आली. वरच्या क्रमांकांवर जे होतं ते बघून मी आधी हरखले आणि मग मॅडमनी मला जमिनीवर आणलं. डॉकिंगच्या आकड्याला एक खोड आहे. रेणू जितका मोठा तितके त्याचे हात जास्त, तितक्या ठिकाणी तो चिकटतो आणि तितका त्याचा आकडा चांगला दिसतो. आमच्या यादीत वर बसलेले बहुतेक सगळे धिप्पाड रेणू होते. लोपिनाविर, रिटोनाविर ही एचआयव्हीची औषधंही वरच होती. तीसुद्धा प्रोटिएजचीच औषधं, त्यामुळे मला वाटलं, बरोबर आहे की! पण एचआयव्हीची कात्री वेगळ्या घडणीची, हिची वेगळी. जूनच्या शेवटी इंग्लंडच्या मोठ्या चाचणीत लोपिनाविर-रिटोनाविरचा दवाखान्यातल्या रुग्णांना काही फायदा झाला नाही असं जाहीर झालं. यादीत वर येणं म्हणजे काय आणि काय नाही, हे तेव्हा माझ्या डोक्यात पुरतं शिरलं. एप्रिलमध्ये शिरलं नव्हतं.

महासंगणक खरोखर लागतो तो पुढच्या पायरीला. डॉकिंगमध्ये कात्री दगडासारखी स्थिर धरलेली असते. खरी कात्री पाण्यात असते, हलते, श्वास घेतल्यासारखी उघडझाप करते. ते बघायचं तर प्रथिन, औषध आणि भोवतीचं पाणी, प्रत्येक अणू मोजून मांडायचा आणि प्रत्येकावर बाकीच्यांचा किती जोर पडतो ते काढून त्याला किंचित पुढं सरकवायचं. पुन्हा जोर काढायचा, पुन्हा सरकवायचं. एक पाऊल दोन फेम्टोसेकंदांचं. सेकंदाचे दहा लाख अब्ज भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक फेम्टोसेकंद. शंभर नॅनोसेकंदांची हालचाल बघायला अशी पाच कोटी पावलं. हे सगळं ज्यात मांडायचं त्या संगणकातल्या आमच्या पेटीत पन्नास हजारांवर अणू होते. माझ्या लॅपटॉपला एका औषधाला तीन आठवडे लागले असते, वीस औषधांना वर्ष सरलं असतं. तिथं दोन नोडवर एक काम चाळीस तासांत व्हायचं, आणि नंबर लागला तर वीसच्या वीस शेजारी शेजारी.

नंबर लागला तर. वेगळी रांग होती खरी, पण त्या रांगेत सगळेच कोविडवाले. कुणी जनुकांची तुलना करतंय, कुणी लशीसाठी काट्याचे तुकडे तपासतंय, कुणी साथ कशी पसरेल त्याचं गणित मांडतंय. ज्याचं त्याचं काम तातडीचं, आणि तातडीची रांगच सगळ्यांत लांब. एकदा तर साध्या रांगेतलं कुणाचं तरी धातूच्या मिश्रणाचं काम माझ्या आधी लागलं. पाच दिवस नुसतं ‘पीडी’ बघून काढले. याच दिवसांत पाच्छा पेठेत शहरातला पहिला रुग्ण सापडला होता आणि आमच्या बोळाच्या तोंडाशी बांबू बांधले गेले होते.

धाकट्या भावानं दरम्यान स्वतःचा महासंगणक काढला. त्याच्याकडे गेम खेळायचा संगणक आहे, ग्राफिक्स कार्डवाला. घरोघरचे असे संगणक फावल्या वेळेत प्रथिनांच्या गणिताला लावायचा ‘फोल्डिंग ॲट होम’ हा उपक्रम २०००पासून चालू आहे. मार्च-एप्रिलमध्ये त्यात जगभरातून इतके लोक शिरले की सगळ्यांची मिळून ताकद दोन एक्साफ्लॉपच्या वर गेली, म्हणजे सेकंदाला दोन अब्ज अब्ज गणितं. एकटा कुठलाच महासंगणक तेव्हा एका एक्साफ्लॉपलाही पोचला नव्हता. भाऊ दिवसातून चार वेळा येऊन सांगायचा, “ताई, तुझ्यापेक्षा आमचं मोठंय.” ते कार्ड मे महिन्याच्या सोलापुरी उन्हाळ्यात असं तापायचं की त्याच्या खोलीत पंख्यानंही गरम वाराच यायचा. विजेचं बिल आलं आणि आईनं त्याचा उपक्रम बंद केला.

माझं काम मात्र लाइट गेली तरी चालू असायचं. आईला याचं फार नवल वाटायचं. अख्ख्या पेठेत अंधार, लॅपटॉप बंद, मोबाइल पाच टक्क्यांवर, आणि मी म्हणते काम चालू आहे. “कुठं चालू आहे?” “तिकडं, पुण्याला.” “आणि तू इथं काय करतीस?” याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

खरा त्रास निकाल उतरवून घेताना झाला. एका कामाची पूर्ण नोंद दोन जीबीच्या वर, आणि माझा दिवसाचा डेटा दीड जीबी. त्यातून भावाचे वर्ग, अण्णांचे व्हॉट्सअ‍ॅपचे व्हिडिओ. मग तिथल्या तिथं कापाकापी शिकले. पाणी सगळं काढून टाकायचं, उरलेल्या प्रथिनाच्या चित्रफितीतल्या दहा चौकटींमागे एकच ठेवायची. दोन जीबीची फाइल वीस एमबीवर यायची आणि गच्चीवर, टाकीच्या मागच्या कोपऱ्यात, जिथं दोन काड्या रेंज यायची तिथं बसून दहा मिनिटांत उतरायची.

अशाच एका संध्याकाळी गच्चीवर मी माझा ‘शोध’ लावला.

चित्रफीत लावून बघत होते. औषध खाचेत बसलेलं, भोवती प्रथिनाचे धागे डुलतायत. वीस-तीस नॅनोसेकंदांनंतर खाचेचा एक कोपरा आत ढासळतो आणि औषध तिरकं होऊन बाहेर सरकायला लागतं. दुसरी फाइल उघडली. तिथंही तेच. तिसरी, चौथी, तेच. औषध कुठलंही असो, खाच मिटतेय! या कात्रीला स्वतःला मिटवून घ्यायची युक्ती आहे आणि ती अजून कुणालाच दिसलेली नाही, असं मला वाटलं. रात्री मॅडमना दोन पानी मेल पाठवला, चित्रांसकट. सकाळी उत्तर नाही. दुपारी नाही. संध्याकाळी मीटिंगला मॅडम आणि आमची एक सीनिअर ताई. ताईनं एकच प्रश्न विचारला.

“दुसरी साखळी कुठंय गं?”

ही कात्री जोडीनं काम करते. ३०६ अमिनो आम्लांची एक साखळी, तशीच दुसरी, एकमेकींना बिलगून. त्यातल्या एकीचं अगदी पहिलं टोक दुसरीच्या खाचेशी येऊन १६६ क्रमांकाच्या अमिनो आम्लाला, ग्लुटामेटला, टेकू देतं. तो टेकू आहे म्हणून खाच उघडी राहते. एकटी साखळी कापूच शकत नाही. आणि सिक्स एल यू सेव्हनच्या फाइलमध्ये साखळी एकच असते, कारण स्फटिकात दुसरी ही पहिलीचीच हुबेहूब प्रत, म्हणून ती वेगळी लिहिलेली नसते. ती आपण आणायची. जोडी तयार करून दिलेली फाइलही तिथंच शेजारी असते, नुसती उतरवून घ्यायची. मी घेतली नाही. टेकू काढून घेतला आणि भिंत पडते हा शोध लावला.

वीस कामं, प्रत्येकी दोन नोड, चाळीस तास. ७६,८०० कोअर-तास. मॅडम रागावल्या नाहीत. “तपासायला हवं होतं, माझंही चुकलं,” एवढंच म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

त्या रात्री मी जेवले नाही. अण्णा गच्चीवर आले. शेंगाची चटणी आणि कडक भाकरीचे तुकडे वाटीत घालून आणले होते, ते पुढं ठेवून बसले. काय झालं ते विचारलं. मी सांगितलं, अर्धंच प्रथिन चालवलं. त्यांनी थोडा विचार केला.

“नवं बीम चढवलं की जॉबर काय करतो?”

मला माहीत होतं. लहानपणापासून बघितलंय. बीम म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ. तो चढवला की जॉबर चार बोटं कापड विणतो, माग थांबवतो, तेवढं उजेडाला धरतो. एखादा धागा फणीच्या चुकीच्या घरात गेला असेल तर उभी रेघ दिसते. तेव्हाच सोडून नीट भरला तर दहा मिनिटं जातात. नाही बघितलं तर अख्खं बीम रेघेचं निघतं, आणि माग जितका जोरात तितका रेघेचा माल जास्त.

“तुला चार बोटं विणून दाखवायला कुणी सांगितलं नाही का?”

“घाई होती, अण्णा.”

“घाई आम्हालाही असते की. दिवाळीच्या ऑर्डरीला काय कमी घाई असते?”

दुसऱ्या दिवशी मी जोडीची फाइल घेतली, पेटी नव्यानं भरली आणि फक्त दोन नॅनोसेकंदांचं काम टाकलं. निघालेली चित्रफीत ताईला दाखवली, मॅडमना दाखवली आणि अण्णांनाही. ते म्हणाले, “मला काय कळतंय त्यात.” पण चष्मा लावून शेवटपर्यंत बघितली. टेकू जागेवर होता, खाच उघडी होती.

आता हिशेब बसेना. जोडी म्हणजे पेटी मोठी, नव्वद हजार अणू, चार नोड, पंचेचाळीस तास. एका कामाला ८,६४० कोअर-तास. शिवाय एकदा चालवून भागत नाही. तेच काम वेगळ्या सुरुवातीनं तीनदा चालवलं तर कुठला निकाल योगायोगाचा आणि कुठला नाही ते कळतं. उरले होते ३,२३,२०० तास. म्हणजे बारा औषधं, तीन-तीनदा. चूक झाली नसती तर पंधरा बसली असती. ती तीन कुठली गाळायची यावर आमचं दोन तास भांडण झालं. अजूनही कधीतरी मला त्यांची नावं आठवतात. अजून तास मागितले, मिळाले नाहीत, आणि ते बरोबरच होतं.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात ही कामं चालू असताना पेठेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरला: ‘डॉ. कोटणीसांच्या सोलापूरची आणखी एक लेक! महासंगणकावर शोधले करोनावर औषध!!’ पुढं हात जोडलेले, झेंडे, आणि माझा दहावीच्या सत्काराचा फोटो. हा उद्योग भावाचा होता. त्यानं कौतुकानं एका मित्राला सांगितलं होतं, आणि मित्रानं त्याला तीन मजले चढवले. मी ग्रुपवर लिहिलं की असं काही नाही, आम्ही फक्त अंदाज काढतोय. त्यावर सतरा अंगठे आले. मूळ मेसेज मात्र पुढं पुढं जातच राहिला.

जूनमध्ये समोरचे काका दारात येऊन उभे राहिले. रिटायर्ड मास्तर, मला पाचवीत गणित शिकवलेलं. काकू दोन दिवसांपासून दवाखान्यात, ऑक्सिजनवर. यांना आत सोडत नव्हते. रस्त्याच्या पलीकडूनच मास्क खाली ओढून बोलायला लागले. मी म्हटलं, काका, मास्क. त्यांनी वर केला.

“तुझ्या यादीतलं एखादं नाव दे. मेडिकल उघडं आहे. मी डॉक्टरांना नुसतं विचारतो.”

यादी माझ्या लॅपटॉपमध्ये होती, बारा नावांची. त्यातली निम्मी तरी आमच्या चौकातल्या मेडिकलमध्ये मिळाली असती. मी त्यांना समजावत राहिले: तो आकडा म्हणजे औषध नव्हे, संगणकातल्या पेटीतलं पाणी म्हणजे माणसाचं शरीर नव्हे, डोस माहीत नाही, त्यातली दोन तर हृदयाचे ठोके बिघडवतात. ते ऐकत होते. गणिताच्या तासाला आम्ही ऐकायचो तसे, मान हलवत आणि काहीही आत न जाता. शेवटी म्हणाले, “बरं बाळ,” आणि गेले. मी नाव दिलं नाही हे बरोबर होतं याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती. तरी त्या आठवड्यात मी गच्चीच्या रस्त्याकडच्या बाजूला गेले नाही.

१६ जूनला इंग्लंडच्या ‘रिकव्हरी’ चाचणीची बातमी आली. डेक्सामेथासोन. १९५७पासूनचं स्वस्तातलं स्टेरॉइड. २,१०४ रुग्णांना दिलं, नेहमीच्या उपचारांवरच्या चार हजारांवर रुग्णांशी तुलना केली. व्हेंटिलेटरवरच्यांचे मृत्यू एक-तृतीयांशानं कमी झाले, ऑक्सिजनवरच्यांचे एक-पंचमांशानं. सौम्य आजारात काही फायदा नाही. महिनाअखेरीस आपल्या आरोग्य मंत्रालयानंही ते उपचारपद्धतीत घेतलं. यात महासंगणक कुठंच नव्हता. चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडले आणि माणसं मोजली.

संगणकावरच्या चाळणीचं कुठंच काही झालं नाही असं मात्र नाही. जपानच्या ‘शिओनोगी’ कंपनीनं याच कात्रीविरुद्ध संगणकावरच्या चाळणीतून सुरुवात करून पुढं प्रयोगशाळेत घडवत घडवत एन्सिट्रेल्विर हे औषध केलं, आणि २०२२च्या नोव्हेंबरमध्ये त्याला तिथं तातडीची मंजुरी मिळाली. चाळणी हाच धंदा असलेले शेकडो रसायनतज्ज्ञ पाठीशी असले की असं होतं. आमच्या बारांपैकी पाच नावं आम्ही एका प्रयोगशाळेला कळवली. त्यांच्याकडे तीन उपलब्ध होती. दोन निष्क्रिय निघाली. तिसऱ्यानं कात्री थोडी अडवली, पण इतक्या डोसला, की त्याआधी माणूसच आडवा व्हावा. आमच्या शोधनिबंधात तो एक तक्ता आहे, पुरवणीत.

ऑगस्टमध्ये माग पुन्हा सुरू झाले, आधी दोन, मग चार. ऑर्डरी नव्हत्या म्हणून अण्णांनी सुती कापडाचे मास्क शिवून घ्यायला घेतले होते. त्याच सुमाराला जपानच्या ‘फुगाकू’ची बातमी आली. जूनमध्ये तो समिटला मागं टाकून पहिला आला होता, ४१५ पेटाफ्लॉप (हजार पेटाफ्लॉपचा एक एक्साफ्लॉप). त्यावर खोकल्याचे थेंब मास्कमधून कसे जातात ते काढलं होतं, आणि न विणलेल्या कापडाचा मास्क सुती नि पॉलिस्टरपेक्षा सरस ठरला होता. मी ते चित्र अण्णांना दाखवलं.

“न विणलेलं कापड?” ते म्हणाले. “मग ते कापड कसलं?”

मास्क त्यांनी तरीही सुतीच शिवले, फक्त तीन पदरी केले.

काकू जुलैतच घरी आल्या होत्या. काठी टेकत दारापर्यंत यायच्या, बोलताना धाप लागायची. एकदा काकांनी मला हाक मारली. पुढच्या तपासणीपर्यंतच्या गोळ्यांची नावं नीट वाचता येत नाहीत म्हणून डिस्चार्ज कार्ड दाखवायचं होतं. गोळ्यांची नावं मोठ्यानं वाचून दिली. वरच्या भागात दवाखान्यात काय काय दिलं ते लिहिलं होतं: ऑक्सिजन, रक्त पातळ करायचं इंजेक्शन, आणि डेक्सामेथासोन, सहा मिलिग्रॅम, दहा दिवस.

घरी येऊन मी एप्रिलची जुनी फाइल उघडली. मंजूर औषधांच्या यादीत ते असणारच होतं. होतंच, १,३४२व्या क्रमांकावर. ते कात्रीला हातही लावत नाही. शरीर स्वतःवरच जी आग पाखडतं ती विझवतं. आमच्या चाळणीला ते दिसण्याचा संबंधच नव्हता.

दुसऱ्या दिवशी काका दारात भेटले. कार्डाची झेरॉक्स काढून आणली होती, जपून ठेवायला.

“काल वाचताना मध्येच थांबलीस गं,” ते म्हणाले. “तुझ्या यादीतलं होतं का काही त्यात?”

“होतं एक.”

“कितवं?”

मी सांगितलं. शेडमधून मागांचा आवाज येत होता, त्यांना ऐकू गेलं नाही. मी परत सांगितलं, जरा मोठ्यानं.